चौथं रूप

आमच्या तपासणीच्या खोलीत एक बाळ आहे. वय अठ्ठावन्न, अंगाने आडवी, चष्म्याला दोरी, आणि आवाज असा की खालच्या गोदामातला माणूस तिथूनच ‘ओ’ देतो. कारखान्यात सगळे तिला बाळच म्हणतात. नवा आलेला माणूस आधी हसतो. मग आपलं खेळणं घेऊन तिच्यासमोर बसायची वेळ आली की त्याचं हसू मावळतं.

हे नाव कामावरून पडलं. आमच्याकडे खेळणी बनतात, आणि दुकानात जाण्याआधी प्रत्येक नव्या खेळण्याचा नमुना आमच्या टेबलावर येतो. मी आपटते. टेबलावरून, जिन्यावरून, कधी नुसतं जोरात भिंतीवर. घरी मी आदळआपट करते अशी आमच्या ह्यांची तक्रार असते. इथे मला त्याचाच पगार मिळतो. बाळ मात्र खेळते, आणि अगदी मन लावून खेळते. तिने खेळणं हातात घेण्याआधी मी विचारायचं, “तू किती?” तिने खोक्यावरचं वय बघून सांगायचं, “मी तीन,” नाहीतर “मी सात.” आमच्या आधीच्या तपासनिसांनी घालून दिलेली ही रीत. एकदा वय सांगितलं की बाई त्या वयाची होते. तीनची असली की चाक तोंडात घालते. सातची असली की दोन खेळण्यांची मारामारी लावते आणि मधेच कंटाळून भलतीकडे बघत बसते. मी असलं काही करायला गेले तर मला माझंच हसू येतं. तिला कधी येत नाही.

निकालाचे शब्दही आमचेच. खेळणं पास झालं तर ‘हसला’, नापास झालं तर ‘रडला’. बाहुली असो की गाडी, सगळे हसला नाहीतर रडला. आमच्या खोलीत व्याकरणाला मज्जाव आहे. हसला म्हणजे हिरवा स्टिकर, रडला म्हणजे लाल. आणि रडला म्हणायचं कारण एकच: ‘लागलं’. टोचलं, कापलं, चिमटा बसला, काहीही असो, बाळ “लागलं” म्हणाली की विषय संपला. रंग आवडला नाही, महाग आहे, असल्या गोष्टी बघायला वरच्या मजल्यावर भरपूर माणसं आहेत.

तर अशा या बाळाच्या हातांना काहीतरी झालं होतं, आणि ते कारखान्यात फक्त मला ठाऊक होतं.

सुरुवात डब्याच्या झाकणापासून झाली. ते तिला उघडेना. मग ती काम करता करता हात झटकायला लागली. विचारलं तर म्हणायची, “मुंग्या आल्यात, जातील.” मग एप्रनचं बटण. एवढ्याशा बटणाशी ती आरशात बघून झटत बसायची, आणि मी बघतेय असं दिसलं की पाठ फिरवायची. एकदा चहा आला, तर ही काचेचा पेला बोटांनी घट्ट धरून माझ्याशी गप्पा मारत उभी. मी सहज तो तिच्या हातातून घ्यायला गेले आणि माझी बोटं पोळली. तिने चक्रावून आपल्या बोटांकडे पाहिलं. बोटं लालबुंद झाली होती.

मी तिला चांगलं झापलं. माझा राग नाकावर असतो, आणि भीती वाटली की तो जास्तच येतो. ती शांतपणे म्हणाली, “कुणाला बोललीस तर बघ.”

मग तिची मुलगी मला रस्त्यात गाठून बोलली. ती दवाखान्यात काम करते, आईसारखीच ठणठणीत आवाजाची. पण त्या दिवशी हळू बोलत होती. “मावशी, मनगटात शीर दबलीये. लहानसं ऑपरेशन आहे. आता केलं तर ठीक. अशीच ओढत राहिली तर बोटांतली जाणीव परत येईल की नाही, कुणी सांगू शकत नाही. पण ती टेबल सोडायला तयार नाही. तुम्ही तरी सांगा.”

मी सांगितलं. बाळ म्हणाली, “आधीच्या तपासनिसांचं काय झालं आठवतं ना? डोळ्यांचं ऑपरेशन करून येतो म्हणाले. आले तोवर खुर्ची गेली होती.” मग म्हणाली, “अगं, घरी मी आई आहे, आजी आहे, सासूबाई आहे. बाळ मी फक्त इथे आहे.”

मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली, आणि दोन्ही एकदम आलं की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. तेव्हापासून बारीक काम माझ्याकडे आलं. झाकणं मी उघडायचे, नखाएवढ्या कळा मी दाबायचे, निकाल ती द्यायची. खोलीत आम्ही दोघीच, त्यामुळे कुणाला सुगावा लागला नाही.

आणि मग तो रोबो आला.

त्या दिवशी दारातून आधी साहेब आत आले, त्यांच्यामागे डिझायनर. साहेब कधी आमच्या खोलीत येत नाहीत, त्यांना प्लास्टिकच्या वासाने शिंका येतात. आज ते खुर्ची ओढून बसलेच. “दुकानांना शब्द दिलाय,” ते म्हणाले, “खोकी छापून आलीत. आज निकाल घेऊनच उठणार.”

मी बाळकडे पाहिलं. तिने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले होते. साहेब समोर असताना मला तिच्यासाठी काहीच करता येणार नव्हतं.

रोबो होता मात्र देखणा. वीतभर उंच, निळा आणि करडा, पाठीवर घडी घातलेले दोन पंख. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘एकात तीन’. डिझायनरने तो हातात घेतला, खांदे आत दाबले, पाय वर दुमडले, डोकं छातीत ढकललं आणि गाडी झाली. मग गाडीचं नाक ओढलं, पाठ उलटी केली, खट् करून पंख उघडले आणि पक्षी झाला. हे सगळं इतक्या झपाट्याने की पत्ते पिसणाऱ्या माणसाकडे बघावं तसं मी बघत राहिले. माणूस मोठा गुणी होता. कित्येक महिने त्याने या एका खेळण्यावर घालवले होते, आणि आता त्याच्या कपाळावर घाम होता. कुणाला नापास करायचं असेल तर मला उद्धट माणसं बरी वाटतात.

आधी मी तो आपटला. माणूस करून, गाडी करून, पक्षी करून. एकदा एक मूठ निखळली, पण ती घशात जाण्यासारखी नव्हती आणि पुन्हा जागच्या जागी बसली. मी रोबो बाळसमोर ठेवला.

“तू किती?”

“मी सहा.”

तिने खिशातून हात काढले. माणूस-रोबोशी तिने आधी भांडण केलं, मग त्याला चालवला, मग त्याची मान मागेपुढे कुरकुर वाजवत बसली. कोपर फिरवलं, गुडघे वाकवले. सगळं ठीक. डिझायनरने जीव मुठीत धरला होता, साहेबांचा पाय हलत होता, आणि मी फक्त तिच्या अंगठ्याकडे बघत होते.

गाडी करताना तो अंगठा दगा देणार हे मला दिसत होतं. खांद्याची खुंटी खाचेत बसवायला अंगठ्याने जोर लावावा लागत होता. तिने दाबलं, खुंटी बसली नाही. पुन्हा दाबलं, अंगठा घसरला.

“अंगठ्याने दाबा ना, सोपं आहे,” डिझायनर म्हणाला.

“सहा वर्षांची पोर दाताने दाबते,” बाळ म्हणाली आणि तिने खरंच खांदा दातांत धरून खुंटी बसवली. साहेब मनमोकळे हसले. मीही हसले, पण नजर अंगठ्यावरच ठेवून.

मग पक्षी. तोही झाला. साहेब खुर्चीत पुढे सरकले. “झाली ना तिन्ही रूपं?”

“चौथं राहिलं,” बाळ म्हणाली.

हे चौथं रूप म्हणजे बाळचा स्वतःचा शोध. खोक्यावर किती का रूपं लिहिलेली असेनात, ती एक जास्त धरते. कारण पोरं कुठलंच खेळणं पुरतं बदलत नाहीत. मधेच आई जेवायला हाक मारते, मधेच भाऊ हिसकावून घेतो, आणि खेळणं अर्धं इकडे अर्धं तिकडे असं तासन्‌तास हातात राहतं. “बनवणारा तीन रूपांचा विचार करतो,” ती म्हणते, “पण पोरं राहतात अर्धवटात.”

तिने रोबो अर्धवट सोडला. एक पंख उघडा, एक अर्ध्यावर उभा, पाय दुमडलेले. तो पोटाशी धरून ती खिडकीबाहेर बघत साहेबांना शेजारच्या कुत्र्याची गोष्ट सांगायला लागली. तो कुत्रा कसा चप्पल पळवतो, आणि चप्पल कशी नेहमी एकाच पायाची असते. साहेब हसत होते. बाळचा हात रोबोच्या पाठीवर सहज फिरत होता, आणि अर्ध्यावर उभा असलेला पंख कशानेतरी हलला.

खट्.

तिचं मधलं बोट पंखाच्या मुळाशी, खांद्याच्या फटीत अडकलं होतं. मला ते स्वच्छ दिसलं, कारण मी दुसरं काही बघतच नव्हते. बाळ बोलत राहिली. कुत्र्याला नवी चप्पल आवडते, जुनी आवडत नाही. तिच्या बोटाचं टोक आधी पांढरं पडलं, मग जांभळं व्हायला लागलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

डिझायनर आणि साहेब तिच्या तोंडाकडे बघत होते, गोष्ट ऐकत होते. रोबो तिच्या पोटाशी होता, त्यांच्या बाजूने बोट दिसत नव्हतं.

“म्हणजे हसला?” साहेब म्हणाले आणि त्यांनी हिरव्या स्टिकरची पट्टी उचलली.

बाळने तोंड उघडलं. ती ‘हसला’ म्हणणार होती, शंकाच नव्हती. तिच्या लेखी काही झालंच नव्हतं. आणि मी बोलले तर ती संपली. नाही बोलले तर तो पंख घरोघरी जाणार, आणि तिथल्या बोटांना सगळं कळतं. ओरडून सांगावं असं मला वाटत होतं. पण तोंडातून निघालं ते रोजचंच.

“बाळ, तू किती?”

हा प्रश्न मी दुसऱ्यांदा कधी विचारत नाही. ती वैतागून म्हणाली, “सहा. सांगितलं ना मघाशी.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझी नजर जिथे होती तिथे तिची नजर गेली, आणि तिला आपलं बोट दिसलं.

ती दचकली नाही. दुसऱ्या हाताने तिने पंख वर केला, बोट सोडवलं आणि हात टेबलाखाली मांडीवर ठेवला. जणू रुमाल ठेवला.

“रडला,” बाळ म्हणाली.

साहेबांचा हात पट्टीवरच थांबला. “कशाने?”

“पंख चावतो.”

“कुणाला चावला? मी इथेच बसलोय. तुम्ही कुत्र्याची गोष्ट सांगत होतात. हूं नाही की चूं नाही.”

डिझायनरने रोबो उचलला. पंख अर्ध्यावर ठेवला, मुळाशी बोट नेलं, पंख पडला. पण त्याआधीच त्याचं बोट बाहेर होतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्याच्या हातांना त्या खेळण्याची नस न्‌ नस पाठ होती. “नाही चावत,” तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात म्हणावा तेवढा आनंद नव्हता.

“बाई,” साहेब म्हणाले, “तुम्हाला लागलं का? तेवढं सांगा. लागलं असेल तर मी आत्ता लाल लावतो.”

मी नजरेने तिला विनवत होते. म्हण की लागलं. एक शब्द, आणि रोबो परत जाईल, तुझी खुर्ची तुझ्याकडे राहील, कुणाला काही कळणार नाही. पण बाळ त्या टेबलाशी बसून कधी खोटं बोललेली नाही. आणि तिला खरोखरच लागलं नव्हतं.

“माझं सोडा,” ती म्हणाली. “साहेब, तुम्ही सहा वर्षांचे व्हा.”

“काय?”

“व्हा ना. हा धरा असा, अर्धवट. त्याच्याकडे बघू नका, खिडकीतून बाहेर बघा. घरी पोरं काय करतात ते मला सांगा.”

काय होणार हे मला त्याच क्षणी कळलं. पंख चावला तर साहेब ओरडणार. साहेब ओरडले की पुढचा प्रश्न आपोआप येणार. बाळलाही ते कळत होतं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि साहेबांकडे बघत राहिली. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच टेबलावरची मूठभर खेळणी नीट लावायला घेतली.

साहेब हसत हसत खिडकीकडे वळले. धाकटी मुलगी हल्ली कुणाचं ऐकत नाही, ते म्हणाले. केस विंचरू देत नाही. काल तर तिने—

खट्.

“आई गं!”

रोबो टेबलावर आपटला, तिथून खाली गेला. एरवी मी महिनाभर या गोष्टीवर हसले असते. साहेब बोट तोंडात घालून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. डिझायनरने वाकून रोबो उचलला, पंखाच्या मुळाशी ती फट पाहिली, आणि कुणी सांगायच्या आत लाल स्टिकर काढून स्वतःच्या हाताने त्याच्या छातीवर लावला.

साहेबांनी बोट तोंडातून काढलं. त्याच्याकडे बघत ते हळू म्हणाले, “हे एवढं लागतं?” आणि मग त्यांची नजर टेबलाखाली गेली. “बाई, हात वर घ्या बघू.”

बाळने दोन्ही हात टेबलावर ठेवले. शाळेत बाईंना नखं दाखवतात तसे. मधल्या बोटाचं नख काळंनिळं झालं होतं आणि त्याच्या कडेला रक्त साकळलं होतं.

“तुम्हाला हे लागलं नाही?”

“लागलंही नाही आणि कळलंही नाही, साहेब,” बाळ म्हणाली. “बरेच दिवस झाले, कळत नाही.”

साहेब वाईट माणूस नाहीत. ते खिडकीजवळ गेले. मग म्हणाले, “उद्यापासून टेबलावर नको.” बाळने मान हलवली. ती एप्रन काढायला उभी राहिली आणि वरच्या बटणाशी तिची बोटं चाचपडायला लागली. मी पुढे झाले. रोज आरशासमोर पाठ फिरवणारी ती बाई त्या दिवशी सगळ्यांसमोर हात खाली सोडून उभी राहिली आणि मी तिची सगळी बटणं काढली.

ऑपरेशन झालं. मुलीने रजा काढून सगळं केलं. डॉक्टर म्हणाले, शीर मोकळी झालीये, पण फार उशीर केलात, आता वाट बघायची. बाळची खुर्ची मला दिली. मी बसले, पण समोर “तू किती?” म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. मी मनातल्या मनात वय सांगायचे आणि माझ्याच वयाची राहायचे.

मग रोबो सुधारून परत आला. डिझायनरने स्प्रिंग बदलली होती, फट रुंद केली होती. मी तो वळवला, सोडला, बोट घातलं. ठीक वाटत होता. पण हसला म्हणायला माझी जीभ रेटेना. साहेब दारातूनच म्हणाले, “बाळला दाखवून या.” मला वाटतं, ते स्वतःच्या बोटाकडे बघून बोलले.

दार मुलीने उघडलं. तिला विचारलं, काही फरक? तिने नुसते ओठ आवळले. बाळ खिडकीशी बसली होती, हात उशीवर, मनगटावर पट्टी. बारीक झाली होती. मी रोबो पिशवीतून काढला आणि समोर धरला.

“तू किती?”

“अठ्ठावन्न,” ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली.

मी रोबो तसाच धरून बसले. माझा हात दुखायला लागला तेव्हा ती वळली. “आण इकडे,” म्हणाली. “सहा.”

तिला वळवता येत नव्हता, तो मी वळवला. अर्धवट करून तिच्या मांडीवर ठेवला. तिने तेच मधलं बोट पंखाच्या मुळाशी नेलं, तिथेच ठेवलं, आणि तोंड खिडकीकडे केलं. मी पंखाला हळूच धक्का दिला. या वेळी खट् झालं नाही. पंख सावकाश खाली आला आणि तिच्या बोटावर टेकला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो हलला नाही. दारात मुलगी उभी होती, तीही बघत होती.

“लागलं?” मी विचारलं.

“नाही.”

माझा धीर सुटला. मी रोबो उचलायला हात पुढे केला, तर तिने दुसऱ्या हाताने माझा हात अडवला. ती अजून बाहेरच बघत होती.

“लागलं नाही गं,” ती म्हणाली. “पण कळलं.”

मी पिशवीतून हिरवा स्टिकर काढला. त्याच्या मागचा कागद सोलायला गेले, तर डोळे भरल्यामुळे तो माझ्याच बोटांना सुटेना.